शनिवारी दुपारी तीन वाजता

शनिवारी दुपारचे तीन वाजत आले की माझ्या फोनवर कोल्हापूरची शिवाजी पेठ जागी होते. हिवाळ्यात तिकडं तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात. मावसभाऊ जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसलेला असतो आणि ग्रुपवर पहिला व्हॉइस मेसेज त्याचाच येतो. "दादा, टीम बघितलीस काय? ह्या कोचला उचलून रंकाळ्यात टाका कुणीतरी." तो ज्या टीमबद्दल बोलतोय तिच्या मैदानावर मला ट्रामनं अर्ध्या तासात जाता येतं. मी मँचेस्टरच्या उत्तरेला राहतो, अकरा वर्षं झाली. आणि तरी मॅच तो बघतोय. मी नाही.

हे त्याला पटवून द्यायला मला दोन हंगाम लागले. त्याचं म्हणणं, "तुमच्याकडं तर समदं डोळ्यासमोर चालतंय, तुम्हाला कसली लिंक लागती?" इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी बाकीच्या क्लबांच्या गळी उतरवलं, की मोठ्या मॅच घरात दिसायला लागल्या तर लहान गावांतल्या मैदानांवर कुणी फिरकणार नाही. तो नियम आजही आहे. प्रीमियर लीगच्या हंगामात ३८० मॅच होतात. २०२५पासूनच्या नव्या करारात दोन कंपन्या मिळून किमान २६७ दाखवतात, आणि हायलाइट्सचे हक्क धरून या सगळ्याचे चार वर्षांचे ६.७ अब्ज पौंड होतात. उरलेल्या शंभरेक मॅच या देशात कितीही पैसे टाकले तरी घरी थेट बघता येत नाहीत. कोल्हापुरात बघता येतात. २०२५च्या सुरुवातीला जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा त्याचा मोबाइलवरचा प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये होता. इथल्या दोन्ही वर्गण्या घेतल्या तर एका महिन्याच्या पैशांत मावसभावाची काही वर्षं निघतील.

शिवाय इथं कुठल्याही चॅनेलवर काहीही थेट बघायचं तर घराला टीव्ही लायसन्स लागतं. २०२५च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं होतं. हे सांगितल्यावर आईला आजोबांच्या रेडिओचं लायसन्स आठवलं, ते पोस्टात जाऊन भरायला लागायचं. "म्हणजे तुम्ही मागंच गेलाय की," ती म्हणाली.

तर गेल्या दिवाळीनंतर ग्रुपवर वाद पेटला. कुणीतरी एका मॅचची टेलिग्रामवरची लिंक टाकली. ग्रुपमधल्या वकील मित्रानं लगेच कलमं काढली. एकानं उलट टोला हाणला, की त्यांचे खेळाडू आठवड्याला कोट्यवधी घेतात, माझ्या १४९ रुपयांवाचून कुणाची चूल विझणार आहे? मग दोन दिवस "चोर" आणि "अंबानीचा वकील" असा खो-खो चालला. दोन्ही बाजूंनी मला साक्षीला बोलावलं, कारण परदेशात राहणाऱ्याला सगळं कायदेशीर माहीत असतं असा आपल्याकडं एक गोड गैरसमज आहे.

वकिलाचं म्हणणं आधी घेऊ. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७व्या कलमानं प्रसारण करणाऱ्याला स्वतंत्र हक्क दिलाय, २५ वर्षांचा. त्याच्या परवान्याशिवाय ते पुन्हा प्रसारित करणं, पैसे घेऊन लोकांना दाखवणं, रेकॉर्डिंग करणं, विकणं हे हक्कभंगात येतं. ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण ३७व्या कलमाची ती यादी नीट वाचली तर घरात पाटावर बसून नुसतं बघणं तिच्यात नाही. कायद्याची नजर पुढं वाटणाऱ्यावर आहे. म्हणजे टेलिग्रामवरचा तो अदृश्य इसम अडकतो, आणि पेठेत एलईडी स्क्रीन लावून, वर प्रायोजकाचा फ्लेक्स टांगून, खुर्चीमागं पैसे घेऊन चोरीची मॅच दाखवणारा मंडळाचा कार्यकर्ताही अडकतो. हे मी लिहिल्यावर ग्रुपवर दहा मिनिटं शांतता होती. का, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

इथं इंग्लंडमध्ये लबाडीनं सेवा फुकट मिळवणं हा २००६च्या फ्रॉड ॲक्टखाली गुन्हा आहे, पण न्यायालयं मुख्यतः विकणाऱ्यांच्या मागं लागतात. २०२३ साली अशा एका टोळीतल्या पाच जणांना मिळून तीस वर्षांहून जास्त शिक्षा झाली, म्होरक्याला एकट्याला अकरा. इटलीनं मात्र प्रेक्षकाचीही कॉलर धरली. तिथल्या २०२३च्या कायद्यात बघणाऱ्याला ५००० युरोपर्यंत दंड आहे आणि तक्रार आल्यावर अर्ध्या तासात साइट बंद करायची सोय. त्या घाईत २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी गूगल ड्राइव्हचाच रस्ता अडवला. एक मॅच रोखायला गेले आणि लोकांच्या ऑफिसच्या फायली अडकल्या. म्हणजे महाद्वार रोडवर एक पाकीटमार दिसला म्हणून अख्ख्या रस्त्याला बॅरिकेड. अशा कायद्याचं मला कौतुक नाही.

आता माझी कबुली. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याकडून मी एक काडी घेतली. टीव्हीच्या मागं खोचायची ती. वर्षाला पन्नास पौंड, रोख. "सगळं येतं," तो म्हणाला, आणि खरंच सगळं येत होतं. तीन वाजताच्या मॅच, आयपीएल, मराठी सिरियली, कुठल्यातरी देशातल्या उंटांच्या शर्यतीसुद्धा. बायको सांगलीची, हिशोबाला पक्की. ती म्हणाली, "गॅसचं बिल बँकेतून आपोआप जातं, आणि ह्या माणसाला तू गाड्यांच्या मागं उभं राहून नोटा देतोयस. काहीतरी चुकतंय एवढं तर कळतं का तुला?" मी म्हटलं, सगळेच करतात. हे वाक्य मी कोल्हापुरात असताना हेल्मेटबद्दलही वापरायचो.

सहा महिन्यांनी डर्बीच्या, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या मॅचमध्ये, ऐन दुसऱ्या हाफमध्ये, पडदा काळा झाला. सहकाऱ्यानं खांदे उडवले, त्यालाही दुसऱ्या कुणीतरी विकली होती. वर कोण होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा हा धंदा चालतो कसा ते शोधलं. कुणीतरी रीतसर वर्गणी भरतं, एका डबीतून सिग्नलचं कुलूप काढतं, भलत्याच देशातल्या सर्व्हरवर चढवतं, आणि मग खाली एजंटांची उतरंड लागते. प्रत्येक जण खालच्याला 'पॅनेल', म्हणजे पुढं जोडण्या विकायची सोय, विकतो. मटक्याच्या धंद्यात चिठ्ठी घेणाऱ्याला मालकाचं तोंड दिसत नाही, तसंच. फुकटच्या लिंकवर तर वर्गणीही नसते, तिथं पैसा सट्ट्याच्या जाहिरातींतून येतो. पडद्यावरची फुली दाबायला जावं तर दुसरीच खिडकी उघडते आणि तुम्हाला बोनस द्यायला लागते. ग्रुपवरच्या "मोठ्या कंपनीला काय फरक पडतो" या युक्तिवादात हा इसम कधीच दिसत नाही. आपण कंपनीचे १४९ वाचवतो आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याला घरात घेतो, पोरांच्या फोनसकट.

पण वकिलाला सुद्धा मी पूर्ण मार्क देणार नाही. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबल आली. केबलवाला महिन्याच्या पाच तारखेला दारात हजर असायचा, वहीत टिक करायचा, आई पदरातनं पैसे काढून द्यायची. एकाही घरानं बुडवले नाहीत. आणि त्या काळी देशभर केबलवाले वर चॅनेलांना निम्म्याहून कमी जोडण्या दाखवायचे हे उघड गुपित होतं. ती गळती थांबवायचं एक साधन म्हणूनच केबल कायद्याच्या २०११च्या दुरुस्तीनं सेट टॉप बॉक्स देशभर सक्तीचे झाले. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं पैसे भरून चोरीची मॅच बघितली आणि आम्हाला पत्ताही नव्हता. "बघणाऱ्यानं प्रामाणिक असावं" हे म्हणायला सोपं आहे. खिडकीवर कोण बसलंय हेच दिसत नसेल तर प्रेक्षक प्रामाणिकपणा कुणाच्या हातात देणार?

दुसरी एक गोष्ट मला ग्रुपच्या जुन्या मेसेजमध्ये सापडली. २०२२च्या नोव्हेंबर-डिसेंबरात फुटबॉलचा विश्वचषक जिओसिनेमावर फुकट होता. पहिल्या दिवशी चक्र फिरत राहिलं म्हणून शिव्या पडल्या, पण मेस्सीच्या फायनलपर्यंत पूर्ण महिन्यात "लिंक टाक की भावा" हा मेसेज एकदाही आलेला नाही. पुढच्या वर्षी आयपीएलही तिथंच फुकट, तेव्हाही नाही. हीच माणसं, हेच फोन. मग फुकटेगिरी ही कोल्हापूरकरांच्या रक्तात आहे असं जे पुण्याचा एक मेंबर म्हणतो, ते त्यानं जपून म्हणावं. अर्थात ते फुकट कुणालाच फुकट नव्हतं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७च्या हक्कांची बोली ४८,३९० कोटींवर गेली होती. ते पैसे कधीतरी वसूल होणारच होते, २०२५ला व्हायला लागले.

बघण्याचा हक्क सरकारनं राखून ठेवावा का, यात मात्र आपण इंग्लंडच्या पुढं आहोत आणि हे इथल्या लोकांना सांगताना माझी छाती थोडी फुगते. २००७च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी चॅनेलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावा लागतो, जाहिरातीच्या पैशात ७५ टक्के चॅनेलचे. २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरता, केबलवाल्यांना पुढं देता येणार नाही. ज्याच्याकडं फ्री डिशची छत्री आहे त्याला भारताची वनडे दिसते. इथं विश्वचषक फुटबॉल फुकट दिसतो, पण इंग्लंडचे घरच्या मैदानावरचे कसोटी सामने २००५च्या ॲशेसनंतर वर्गणीच्या चॅनेलवर गेले. शेजारचा म्हातारा म्हणतो, त्याचा नातू क्रिकेट ओळखतच नाही, कारण घरात कधी चालू नव्हतं.

मधला एक प्रकार राहिला, आणि तोच मला सगळ्यात अवघड वाटतो. काळा पडदा झाल्यावर मावसभाऊ म्हणाला, "माझं अकाउंट घे की दादा, व्हीपीएन लाव आणि बघ. मी पैसं भरल्यात." इथं दलाल नाही, सट्टा नाही, कंपनीला पैसे मिळालेत. फक्त माझा पत्ता चुकीचा आहे, व्हीपीएन मी भारतात बसलोय असं भासवतं. पोर्ट्समथमधल्या एका पबच्या मालकीण कॅरन मर्फी यांनी असंच केलं होतं. इथली महागडी वर्गणी नको म्हणून ग्रीसमधलं कार्ड रीतसर विकत घेऊन पबमध्ये मॅच लावल्या. दंड झाला, त्या लढल्या, आणि २०११ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की दुसऱ्या सदस्यदेशातलं कार्ड वापरायला बंदी घालता येणार नाही. मॅच ही स्वतः कुणाची साहित्यकृती नाही, असंही म्हटलं. पण लीगचं गाणं, चिन्हं, ग्राफिक्स यांना संरक्षण आहे आणि ती पबमध्ये दाखवायला परवानगी लागते, ही पाचरही मारली. पुढं त्यांची शिक्षा रद्द झाली. नंतर ब्रिटनच युरोपीय संघातून बाहेर पडलं. मी मावसभावाच्या अकाउंटवर दोन मॅच बघितल्या. वापराच्या अटी मोडल्या हे नक्की. ती काडी लावताना वाटायची तशी लाज मात्र वाटली नाही. वाटायला हवी होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरी मॅच बघायचं राहिलं, कारण त्या शनिवारी मी भलतीकडंच गेलो.

घरापासून दोन मैलांवर एका छोट्या क्लबचं मैदान आहे. फेब्रुवारी, पाऊस, तीन वाजताची मॅच. दारात लाकडी खोका, आत एक आजीबाई, पुढ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दहा पौंड दिले, तिनं रोलवरून एक कागदी तिकीट फाडलं, यात्रेतल्या पाळण्याचं असतं तसं. पत्र्याच्या छपराखाली शे-दीडशे माणसं, बाकीची कठड्याला टेकून. त्यांचा लेफ्ट बॅक एरवी लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो, हे मला त्याच्या काकांनी सांगितलं. ते माझ्या शेजारी उभे राहून त्याला सगळ्यांत जास्त शिव्या देत होते. दुसऱ्या हाफमध्ये भोंग्यावर आकडा आला, आजची उपस्थिती २८७. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःलाच. काका म्हणाले, आत्ता मोठी मॅच टीव्हीवर असती ना, तर ह्यातले अर्धे सोफ्यावर असते. त्या डब्यातल्या पैशांवर इथला दिवा जळतो.

ज्या नियमाला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या तो ह्या डब्यासाठी होता. तो आजच्या काळात खरंच गर्दी राखतो का, याबद्दल इथंही लोक भांडतात. पण मला त्या भिजलेल्या कठड्यावर शाहू स्टेडियम दिसलं. हलगी, भंडारा, पाटाकडील आणि शिवाजी तरुण या तालमींच्या मॅचला मुंगीला शिरायला जागा नसलेली गॅलरी, तिकिटासाठी दुपारपासून उभी पोरं. कोल्हापुरातल्या तालमींचे संघ कुठल्या उद्योगपतीच्या जिवावर उभे नाहीत. पेठेची वर्गणी, एखादं बक्षीस, वर गेटाचे पैसे. त्यातूनच बूट, सराव, बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं मानधन. याच गावातला अनिकेत जाधव २०१७ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पंधरा वर्षांच्या पोराला ह्या गावात फुटबॉल सोडवत नाही, ते त्या गॅलरीमुळं.

आणि यंदाच्या हंगामात मावसभावाचा फोन आला तो भडकलेला. तो आमच्या तालमीचा कार्यकर्ता आहे. स्पर्धेचं थेट प्रक्षेपण एका स्थानिक चॅनेलला रीतसर दिलं होतं, त्याचे चार पैसे मिळणार होते. कुणीतरी तेच उचलून दुसऱ्या पेजवर चालवलं, खाली सट्ट्याची पट्टी लावून. "आपली मॅच, दादा! आपली पोरं उन्हात पळत्यात आणि ह्यो कोण टिकोजी घरात बसून पैसं छापतोय?"

मी विचारलं, मग दिवाळीनंतर ग्रुपवर ज्या लिंका फिरत होत्या त्या?

तो थांबला. मग म्हणाला, "ते त्यांचं हाय. हे आपलं हाय."

वकील मित्र हे ऐकून हसला असता. मला मावसभावाचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. अब्जावधींच्या लीगचा एक प्रेक्षक गेला तर तिथं कुणाचा बूट अडत नाही, तालमीचा अडतो. दोन्हींना "चोरी" हा एकच शब्द लावणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती म्हणूनच कुणाला पटत नाहीत. पण उचलणारा तोच आहे हे त्यानं बघावं, एवढंच मी त्याला म्हणालो. इंग्लंडची मॅच फुकट दाखवून ज्यानं हात बसवला, त्यानंच शाहू स्टेडियमवर हात मारला. सट्ट्याची पट्टीसुद्धा तीच होती, मी स्क्रीनशॉट ताडून बघितले. आणि कोल्हापुरात तरी, दोन मिसळींच्या पैशांत तीन महिने मॅच मिळत असताना "परवडत नाही" हे तोंड वर करून सांगता येणार नाही. इथं, जिथं विकतच मिळत नाही, तिथं माणूस आडवाटेनं गेला तर मी त्याला चोर म्हणणार नाही. मात्र पार्किंगमध्ये नोटा देणार नाही.

यंदा स्पर्धेच्या फायनलला मावसभावाचा मेसेज आला. "दादा, लिंक टाकू?"

"कुणाची?"

"आपलीच. पन्नास रुपयं भरायचं हायत."

माझं इकडचं कार्ड तिथं चालेना, म्हणून सांगलीच्या मेव्हण्याला सांगून भरले. तोही बसला बघायला, शिव्या द्यायला बरं म्हणून. इथं सकाळचे साडेदहा, पोहे खात मी आणि बायको टीव्हीला फोन जोडून बसलो. सत्तराव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, खेळाडूनं बॉल ठेवला, आणि चित्र गोठलं. चक्र फिरायला लागलं. मी मावसभावाला फोन लावला. तो गॅलरीत होता, मागं हलगीनं कान फुटत होते.

"काय झालं रे? इथं अडकलंय."

"पैसं भरून बी अडकलंय?" तो ओरडला. "थांब, अजून मारली न्हाई."

बायकोनं पोह्याची ताटली बाजूला ठेवली. मी फोन स्पीकरवर टाकला.